वन्यजीव उपचार केंद्रातील दोन महिने

(निंबर्गा, तालुका आळंद, जिल्हा कलबुर्गी येथे ग्रामस्थ, शिक्षक व अधिकारी यांच्यासमोर पशुवैद्यक शास्त्राच्या एका विद्यार्थिनीने केलेले भाषण)



ज्या शाळेच्या पटांगणात मी लहानाची मोठी झाले, तेथेच उभे राहून आपणांसमोर बोलण्याची संधी मला मिळाली, याबद्दल मी आपली ऋणी आहे. मी बिदर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकते. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत पुणे जिल्ह्यातील एका वन्यजीव उपचार व पुनर्वसन केंद्रात दोन महिने उमेदवारी करण्याचा योग आला. तेथे काय पाहिले व त्यातून आपल्या गावाने काय घ्यावे, एवढेच मी आज सांगणार आहे.

वन्यजीव केंद्र म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे प्राणिसंग्रहालय उभे राहते. हा समज प्रथम दूर करावयास हवा. प्राणिसंग्रहालय हे लोकांनी प्राणी पाहण्यासाठी असते. उपचार केंद्रात प्राणी लोकांच्या दृष्टीआड ठेवावे लागतात. ज्या प्राण्याला परत रानात जावयाचे आहे, त्याला माणसाची सवय लागणे हे त्याचे दुसरे आजारपण होय. काही प्राणी मात्र कायमचे अपंग होतात किंवा माणसाळतात. त्यांना सोडता येत नाही. त्यांच्यासाठी कायमचे निवारे लागतात. जुन्नरजवळ माणिकडोह येथे बिबट्यांसाठी असे केंद्र आहे, नागपूरजवळ गोरेवाडा येथेही बचाव केंद्र आहे. गडचिरोली जिल्ह्यात हेमलकसा येथे बाबा आमटे यांनी १९७३ साली सुरू केलेल्या लोकबिरादरी प्रकल्पात डॉ. प्रकाश आमटे यांनी वन्यप्राण्यांचे अनाथालय उभे केले. शिकारीत आई मारली गेल्यामुळे पोरकी झालेली पिले तेथे आणली गेली. ती पिले खरोखरीच अनाथ होती. हा शब्द आपण ध्यानात ठेवावा, कारण माझ्या सांगण्याचा सारा भर त्यावरच आहे.

केंद्रात गेल्यावर माझ्या हाती इंजेक्शनची सुई येईल, अशी माझी कल्पना होती. पहिल्या दिवशी हाती आला तो खराटा. पिंजरे धुणे, भांडी उकळणे, खाद्य चिरणे, प्रत्येक प्राण्याने किती खाल्ले व किती टाकले याचे वजन करून वहीत लिहिणे, हीच पहिल्या पंधरवड्यातील कामे. त्याहून अवघड होते ते गप्प बसणे. पिंजऱ्याजवळ बोलावयाचे नाही, प्राण्याला नाव ठेवावयाचे नाही, हाक मारावयाची नाही, कुरवाळावयाचे नाही. प्रत्येकाला असतो तो केवळ क्रमांक. पिलांना दूध पाजताना आम्ही तोंडावर कापड घेत असू. प्रारंभी मला हे निष्ठुरपणाचे वाटले. पुढे उमगले की, या ठिकाणी माया करावयाची ती अंतर राखूनच करावी लागते.

एप्रिल व मे हे केंद्राचे सर्वांत गर्दीचे दिवस. आपल्याकडील उन्हाची धग मी आपणांस सांगावयास नको. उष्म्याने भोवळ येऊन पडलेल्या घारी व वटवाघळे, घरट्यातून पडलेली पिंगळ्यांची पिले, कुत्र्यांनी धरलेली उदमांजरे, कठडा नसलेल्या विहिरीत पडलेले कोल्हे असे रोज काही ना काही येई. यांतील कितीतरी प्राणी मूळच्या इजेने नव्हे, तर वाटेत झालेल्या उपचारांनी दगावत. तहानलेल्या पक्ष्याची चोच उघडून कोणी पाणी ओतते. परंतु पक्ष्याच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच उघडते. ओतलेले पाणी फुप्फुसात जाते व पक्षी गुदमरतो. कोणी त्याला दूध पाजते. पक्ष्याला दूध पचत नाही. हे सारे करणारी माणसे दुष्ट नव्हती, दयाळूच होती. दयेला माहितीची जोड नव्हती, एवढेच.

आता मी माझ्या घरची एक गोष्ट सांगते. मी पाचवीत असताना ज्वारीच्या काढणीच्या दिवसांत आमच्या वडिलांना बांधालगत काळविटाचे एक पाडस निजलेले आढळले. जवळ आई नव्हती. कुत्री फाडतील या भीतीने वडिलांनी ते उपरण्यात गुंडाळून घरी आणले. आजीने गाईचे दूध कोमट करून बोळ्याने पाजले. शेजारपाजारची मुले दिवसभर त्याच्याभोवती जमत. तिसऱ्या दिवशी त्याला हगवण लागली व चौथ्या दिवशी ते मेले. आम्ही सारे रडलो. आजी म्हणाली, "त्याचं आयुष्यच तेवढं होतं." कित्येक वर्षे माझीही तीच समजूत होती.

मे महिन्यात केंद्रात तसेच एक पाडस आले. सापडून तीन दिवस झाले होते. नोंदीचा कागद भरण्याचे काम माझ्याकडे होते. त्यात एक प्रश्न असतो: प्राणी सापडला तेथे आसपास त्याच्या जातीचे इतर प्राणी होते काय? पाडस घेऊन आलेले गृहस्थ सहजपणे म्हणाले, "होते की. कळप लांब उभा राहून आमच्याकडं बघत होता." माझ्या हातातील लेखणी थांबली. आमच्या शेतापलीकडेही त्या दिवशी कळप उभा होता, हे वडिलांनी आम्हांला अनेकदा सांगितले होते.

काळविटाची मादी व्याल्यानंतर पहिले काही दिवस पाडसाला बरोबर घेऊन हिंडत नाही. ती त्याला गवतात किंवा पिकात दडवून ठेवते व स्वतः दूर चरते. पाडस हालचाल न करता पडून राहते. त्याच्या अंगाला वासही अगदी थोडा येतो. लांडग्याच्या व कुत्र्याच्या नजरेतून सुटण्याचा हा निसर्गाने दिलेला उपाय आहे. दिवसातून ठराविक वेळा आई येते, दूध पाजते आणि पुन्हा दूर जाते. म्हणजे जवळ आई नसणे हीच त्या पाडसाची सुरक्षितता असते. आपण मात्र त्याला टाकून दिलेले समजतो व उचलतो. ते पाडस अनाथ नसते, आपल्या हातांनी ते अनाथ होते.

पुढचे हाल याहून वाईट. हरणाच्या जातीला धरल्याची भीतीच सोसत नाही. पाठलाग, धरपकड, पाय बांधणे, भोवतालचा गलका यांमुळे त्याच्या स्नायूंची आतून नासाडी होते, त्यांतील विषारी द्रव्ये रक्तात उतरतात, मूत्रपिंडे निकामी होतात, आणि वरून धडधाकट दिसणारा प्राणी काही तासांनी अथवा काही दिवसांनी मरतो. जे पाडस जगते, त्यातील नर मोठा झाल्यावर माणसाला भीत नाही. वयात आला की तो पाळणाऱ्याच्याच अंगावर शिंगे रोखतो. मग त्याला ना घर राहते, ना रान. केंद्रात आलेले ते पाडस मी निघेपर्यंत जगले होते, परंतु ते कळपात परत जाईल अशी आशा डॉक्टरांना नव्हती.

प्राण्याला त्याच्या जागेवरून हलविण्याचे परिणाम माणसांनाही भोगावे लागतात, याचे उदाहरण जुन्नरचे आहे. त्या भागातील उसात बिबटे राहतात व तेथेच पिले देतात. लोकांच्या मागणीवरून २००१ पासून पुष्कळ बिबटे पकडून दूरच्या जंगलात सोडण्यात आले. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास करून २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९९३ ते २००१ या काळात बिबट्यांचे माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ होते. स्थलांतराची मोहीम सुरू झाल्यावर, २००१ ते २००३ या काळात, ते वर्षाला सरासरी १७ झाले. संकट दूर करण्यासाठी योजलेल्या उपायाने संकट वाढविले. आता तेथे ऊसतोडीच्या वेळी पिले सापडली, तर त्यांची तपासणी करून ती सायंकाळी त्याच शेतात, सापडली त्याच जागी खोक्यात ठेवतात व माणसे दूर होतात. अंधार पडल्यावर मादी येते व एकेक पिलू तोंडात धरून नेते. ज्या प्राण्याला सारा तालुका भितो, त्याची पिले त्याच तालुक्यातील शेतकरी परत देतात. मग आपल्या निंबर्ग्याला हरणाचे पाडस त्याच्या आईपाशी राहू देणे अवघड का जावे?

येथे माझे शेतकरी बांधव मनात म्हणत असतील की, तुरीचे कोवळे शेंडे ही हरणे खातात, त्याचे काय? ही तक्रार खरी आहे आणि ती मी आमच्या घरातही ऐकली आहे. पिकाच्या नुकसानीची भरपाई मागण्याची तरतूद कर्नाटकातही आहे व महाराष्ट्रातही आहे. अर्ज कसा करावा, पंचनामा कधी व्हावा, हे येथे उपस्थित असलेल्या अधिकाऱ्यांनी गावात येऊन समजावून द्यावे, अशी माझी त्यांना नम्र विनंती आहे. भरपाई वेळेवर मिळाली तर वन्यजीवांविषयीचे भाषण ऐकण्यास माणसाचे मन मोकळे राहते.

कायद्याचेही दोन शब्द सांगते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात काळविटाला पहिल्या अनुसूचीतील, म्हणजे सर्वाधिक, संरक्षण आहे. ज्या वन्यप्राण्यांची शिकार कायद्याने वर्ज्य आहे, असा प्राणी कोणाच्या ताब्यात आला, तर त्याने ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यास किंवा अधिकृत अधिकाऱ्यास कळवावयाचे असते. तो प्राणी ही शासनाची मालमत्ता ठरते. मायेपोटी पाडस घरी पाळणे हासुद्धा अपराध होऊ शकतो, हे आमच्या घरी तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. राज्यघटनेत १९७६ च्या दुरुस्तीने नागरिकांची जी मूलभूत कर्तव्ये आली, त्यांत वन्यजीवांचे रक्षण व प्राणिमात्रांविषयी दया हे एक कर्तव्य आहे. दया कशी करावी, एवढे शिकणे आपल्याकडे उरते.

तेव्हा करावे काय? पाडस किंवा पिलू दिसले तर प्रथम थांबावे, दूर व्हावे, कुत्र्यांना व मुलांना तेथून हटवावे. अंगावर जखम, रक्त वा अळ्या दिसत असतील, आई शेजारी मेलेली असेल, किंवा प्राणी विहिरीत पडला असेल, तरच त्याला मदतीची गरज आहे असे समजावे. अशा वेळी वनखात्यास कळवावे. १९२६ हा मदत क्रमांक त्यासाठी आहे. माणसे येईपर्यंत लहान पक्ष्यास भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात व शांत जागी ठेवावे. तोंडात काहीही घालू नये. कोल्हा, लांडगा, माकड यांना उघड्या हाताने कधीही शिवू नये, कारण पिसाळण्याचा रोग त्यांच्या लाळेतून येतो. चावा बसलाच तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ दवाखाना गाठावा.

विहिरींच्या बाबतीत ग्रामपंचायतीने पुढाकार घ्यावा. उघड्या विहिरीला कठडा बांधला तर जनावरे, वन्यप्राणी आणि आपली मुले अशी तिन्ही वाचतात. जुन्नर भागात बिबट्या विहिरीत पडला तर चारी कोपऱ्यांना दोर बांधून बाज खाली सोडतात. बिबट्या तीवर बसून दम घेतो व पिंजरा येईपर्यंत बुडत नाही. बाज आणि दोर तर आपल्या प्रत्येक घरी आहेत.

गुरुजनांना माझी विनंती अशी की, नोंदीच्या कागदावरील तो प्रश्न मुलांना शिकवावा: आसपास आई किंवा कळप आहे काय? हा प्रश्न विचारण्याची सवय लागली, तर निम्मे काम झाले असे मी समजेन.

शेवटी एक प्रसंग सांगून थांबते. माझी उमेदवारी संपण्याच्या सुमारास एका शेतकऱ्याचा दूरध्वनी आला. शेतात पाडस पडले आहे, आणू काय, असे त्यांनी विचारले. डॉक्टरांनी जखम आहे का, कळप दिसतो का, हे विचारून घेतले आणि सांगितले, "उचलू नका. मजुरांना आज त्या तुकड्यात जाऊ देऊ नका. सकाळी पाहा." दुसऱ्या दिवशी त्यांनी कळविले की पाडस तेथे नाही, मातीत मोठ्या खुरांबरोबर लहान खुरांचे ठसे गेलेले आहेत. त्या पाडसाला केंद्रात क्रमांक मिळाला नाही, कारण ते केंद्रात आलेच नाही. दोन महिन्यांत मी पाहिलेल्या सर्व यशांत मला ते मोठे वाटले. त्यासाठी त्या शेतकऱ्याला खर्च आला तो एका दूरध्वनीचा आणि त्या तुकड्यातील एका दिवसाच्या कामाचा.

आमच्या घरातील पाडस गेले, ते परत येणार नाही. यापुढे मात्र निंबर्ग्याच्या शिवारात एखादे पाडस निजलेले दिसले, तर ते उचलण्यापूर्वी आपण मान वर करून क्षणभर लांब पाहावे, एवढीच माझी आपणां सर्वांना प्रार्थना आहे.