शंका आली, आता पुढे?

मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर शिक्षक, डॉक्टर किंवा वसतिगृहाच्या अधीक्षकांनी आधी स्वतः चौकशी करावी का? २०१२ च्या पॉक्सो कायद्याचे उत्तर आहे, नाही. कलम १९ नुसार गुन्हा झाल्याचे कळले किंवा तो होईल अशी भीती वाटली, तर पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. पुरावा गोळा करणे हे पोलिसांचे काम. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. संस्थाप्रमुखाने हाताखालच्या व्यक्तीचा गुन्हा दडवला, तर कैद एक वर्षापर्यंत. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुऱ्याच्या वसतिगृहातील अत्याचार प्रकरणात, मुलींवर उपचार करूनही पोलिसांना न कळवल्याबद्दल डॉक्टरवर नोंदवलेला गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. कारण उघड आहे: उशीर झाला की वैद्यकीय पुरावा हातचा जातो.

कुणी म्हणेल, शंका खोटी ठरली तर? सद्हेतूने माहिती देणाऱ्यावर कारवाई होत नाही, असे हाच कायदा सांगतो. मग मुलाची बदनामी? ही भीती खरी आहे, म्हणूनच ओळख उघड करण्यास मनाई आहे. जबाब नोंदवणारा अधिकारी गणवेशात नसावा आणि मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवू नये, हेही कायद्यातच आहे. गप्प राहिल्याने अब्रू वाचत नाही, अत्याचार करणारा वाचतो. म्हणून शंका मनात ठेवू नका. १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकावर फोन करा.