लोखंडी पिंपाला गोल भोक पाडताना



रोपवाटिकेला पाणी द्यायचं असो, परसातल्या भाजीला बारीक नळीनं पाणी सोडायचं असो, की गोठ्याजवळ दोन दिवसांचा साठा ठेवायचा असो, २०० लिटरचं लोखंडी पिंप आपल्याकडं उपयोगी पडतं. खाली एक तोटी बसवली की झालं. पण तोटीसाठी गोल भोक पाडायचं कसं, इथं गाडं अडतं. छिन्नी-हातोड्यानं पाडलेलं भोक वेडंवाकडं होतं, पत्राही दबतो. गॅसनं कापलं तर कडेचा रंग जळतो, पत्रा तापून वाकतो आणि रबरी वायसर सपाट बसत नाही. मग गळतं म्हणून वर लुकण थापत बसायचं.

यासाठी ड्रिल मशीनला लावायची गोल करवत मिळते. दुकानात ‘होल सॉ’ म्हणून मागा. वाटीसारखा आकार, वाटीच्या काठाला करवतीचे दात आणि मधोमध साधारण ६ मिलिमीटरचं ड्रिलचं पान. मधलं पान आधी शिरतं आणि वाटीला जागेवर धरून ठेवतं, मग दात पत्रा कापतात. शेवटी पत्र्याची गोल चकती निघून येते.

घेताना एक बघा. एकाच डब्यात आठ-दहा कड्या असलेला स्वस्त संच दिसतो, तो लाकडासाठी आणि प्लॅस्टिकसाठी. लोखंडावर त्याचे दात पहिल्याच भोकात जातात. लोखंडासाठी ‘बायमेटल’ मागा. यात अंग लवचिक पोलादाचं आणि दातांची धार हायस्पीड स्टीलची असते. माझं मत विचाराल तर अख्ख्या संचापेक्षा लागतील ती दोनच मापं चांगली घ्यावीत.

माप कोणतं? इथं पुष्कळजण फसतात. एक इंची पाइप म्हणजे एक इंचाचं भोक नव्हे. एक इंची लोखंडी निपलच्या आट्यांची बाहेरची जाडी ३३ मिलिमीटरहून थोडी जास्त भरते, म्हणून भोक ३५ मिलिमीटरचं लागतं. पाऊण इंचीला २८ आणि अर्ध्या इंचीला २२ मिलिमीटर. प्लॅस्टिकच्या टाकी-निपलची मापं वेगवेगळी असतात, तेव्हा निपल खिशात घालूनच दुकानात जा आणि करवत त्यावर धरून बघा.

आता पिंपाविषयी. हे नीट ऐका, कारण इथं जीवाशी गाठ आहे. पेट्रोल, थिनर, डिझेल किंवा रंगाचं सामान ज्यात होतं, ते पिंप रिकामं दिसलं तरी रिकामं नसतं. तळाशी राहिलेल्या थेंबांची वाफ आत कोंडते आणि हवेत मिसळते. एक ठिणगी पडली की असं पिंप बॉम्बसारखं फुटतं. भरलेल्यापेक्षा रिकामं पिंप जास्त घातकी, ते यामुळं. त्याला ड्रिल, ग्राइंडर, छिन्नी काही लावू नका. ‘धुऊन घेतलंय’ एवढ्यावर विश्वास ठेवू नका. कीटकनाशकाचं पिंप तर पाण्याला कधीच वापरायचं नाही. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत असे रिकामे डबे फोडून वस्तीपासून दूर पुरायला सांगितलं आहे. खाद्यतेलाचं किंवा फळांच्या गराचं, वरचं झाकण पूर्ण निघणारं पिंप शोधा. झाकण निघायला हवं याला दुसरंही कारण आहे. आत हात गेला नाही, तर आतला चेकनट आवळणार कसा?

जागा ठरवताना पिंपाचा उभा जोड आणि आडव्या वळ्या टाळा. भोकाची खालची कड तळापासून चार-पाच सेंटिमीटर वर ठेवा, म्हणजे गाळ खाली बसतो आणि तोटीत येत नाही. खूण करून सेंटर पंचनं एक ठोका द्या, नाही तर पान गोल पत्र्यावरून घसरतं. मग पिंप आडवं करून दोन्ही बाजूंना दगड किंवा लाकडाच्या पाचरी लावा. खूण वर आली पाहिजे. दाब वरून नीट पडतो आणि तेलही खाचेत टिकतं.

आता वेगाविषयी. भोकं पाडण्याच्या सवयीनं आपण खटका पूर्ण दाबतो, आणि करवत मरते ती त्यामुळंच. ३५ मिलिमीटरच्या करवतीला साध्या लोखंडात मिनिटाला सुमारे २५० फेरे पुरतात, २५ मिलिमीटरच्या करवतीला ३५०. आपलं साधं हातड्रिल पूर्ण दाबलं तर दोन हजारांच्या वर फिरतं. तेव्हा खटका कमी-जास्त दाबून वेग राखता येतो असंच मशीन घ्या आणि गियर असेल तर पहिल्यावर ठेवा. करवत मोठी तितके फेरे कमी. स्टेनलेस स्टील असेल तर फेरे निम्मे करा आणि दाब मात्र सोडू नका. नुसतं घासत राहिलं की ते स्टील जागेवरच कडक होतं, मग कापतच नाही. धूर निघाला, दात निळे पडले, तर वेग जास्त झाला असं समजा.

आधी मधल्या पानाला पलीकडे जाऊ द्या. ते आरपार गेलं की वाटी पत्र्यावर धाडकन आपटते आणि दात तुटतात, म्हणून त्या क्षणी हात सैल करा. पिंप गोलाकार असल्यानं आधी दोनच बाजूंचे दात लागतात. तिथं उतावीळ होऊ नका, सगळीकडे खाच दिसेपर्यंत हलकाच दाब द्या. खाचेत तेलाचे थेंब सोडत राहा. कटिंग ऑइल उत्तम. पिण्याच्या पाण्याचं पिंप असेल तर घरातलं खोबरेल चालेल. मध्येच करवत बाहेर काढून कीस झाडा.

शेवटचा भाग कापताना करवत अडकण्याचा संभव फार. अडकली की मशीनच उलट फिरतं आणि मनगट पिरगळून टाकतं. बाजूची मूठ लावल्याशिवाय काम सुरू करू नका, मशीन दोन्ही हातांनी धरा आणि खटका अडकवून ठेवायचं बटण दाबू नका. धोतराचा सोगा, उपरणं, पदर आवरून घ्या, बांगड्या आणि हातमोजे काढा. फिरत्या कामात हातमोजा वाचवत नाही, ओढून नेतो. चष्मा मात्र हवाच. आतून पत्रा धरायला पोराला बसवू नका. विजेचं मशीन असेल तर तीन पिनांचा प्लग, जागा कोरडी आणि पायात चप्पल. बॅटरीचं मशीन असलं तर शेतात बरं, शॉकची भीती राहत नाही.

आधीचं लहान भोक मोठं करायचं असेल तर मधल्या पानाला धरायला पत्राच उरत नाही. अशा वेळी लाकडी फळीला त्याच करवतीनं भोक पाडा आणि ती फळी जागेवर शिकंजानं घट्ट आवळा. मधलं पान काढून, फळीच्या भोकातून करवत चालवा. ती हलत नाही.

भोक झाल्यावर गोल कानशीनं दोन्हीकडची धार मारा आणि उघड्या कडेला रेड ऑक्साईड लावून वाळू द्या. कीस चुंबकानं गोळा करा. जुन्या लाऊडस्पीकरचं चुंबक चालतं. हे काम गोठ्यात किंवा वैरणीजवळ करूच नका. गाय-म्हैस वैरण न निवडता गिळते. धारदार लोखंड जाळीदार पोटात जाऊन रुततं आणि पुढं हृदयापर्यंत पोचतं. वरून काही दिसत नाही, जनावर नुसतं खाणं सोडतं. पिंपाच्या आतलाही कीस धुऊन काढा, नाही तर नळ्या तुंबतात.

मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीला केबलसाठी भोक पाडायचं असेल, तर आधी मेन स्विच बंद करून फ्यूज काढा. आतल्या भागावर कापड पसरा, कारण कीस संपर्कांवर पडला तर स्टार्टर जळतो. भोकाला रबरी कडं बसवल्याशिवाय केबल ओढू नका.

तोटी बसवताना पत्र्याच्या आतून एक आणि बाहेरून एक असे दोन रबरी वायसर घाला, आट्यांना टेफ्लॉनची पट्टी गुंडाळा, चेकनट आधी हातानं आणि मग पान्यानं आवळा. रबर फुगून बाहेर आलं की थांबा. पिंप भरून रात्रभर ठेवा. सकाळी निपलखाली ओल दिसली तर पाव फेरा आणखी द्या.