ओसरीतील बोरघाट
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



ओसरीत मांडावयाच्या छोट्या आगगाडीविषयी मी आज बोलणार आहे. विषय पोरकट वाटेल. परंतु १८७४ साली वाडी-सिकंदराबाद मार्ग खुला झाल्यानंतर मुंबईकडून या नगरीस येणारा मराठी माणूस बोरघाट चढूनच आला, हे विसरता येत नाही.

आपल्या घरांत मोकळी खोली दुर्मिळ. जाळी लावलेली अरुंद ओसरी मात्र असते. तेथे गाडी वर्तुळात फिरविणे कठीण. १६.५ मि.मी. रुंदीच्या प्रचलित रुळांना सुमारे ३८ सें.मी. त्रिज्येचे वळण लागते. यावरील तोड बोरघाटानेच दाखविली आहे. १८६३ साली पूर्ण झालेल्या त्या मार्गावर खंडाळ्याजवळ गाडी थांबे आणि दिशा उलटवून पुढचा चढ चढे. १९२९ साली नव्या मार्गामुळे ते उलटस्थानक मागे पडले. तीच रचना अडीच मीटर लांब, दीड फूट रुंद फळीवर सहज बसते. चाळीसास एक चढ ठेवल्यास १८० सें.मी.त साडेचार सें.मी. उंची मिळते, दिशा उलटल्यावर पुन्हा तितकीच.

ओसरीत खरी कसोटी ऋतुमानाची. तीस अंश उष्णता वाढली की मीटरभर रूळ सुमारे अर्धा मि.मी. लांबतो, म्हणून सांध्यांत फट ठेवावी. रूळ निकेल-सिल्व्हरचे घ्यावेत. लोखंडी रूळ गंजतात. सांधे काळवंडून वीज अडते, यास्तव प्रत्येक तुकड्यास स्वतंत्र तार डाखावी. प्लायवूडला कापलेल्या कडांसह सर्वांगास रोगण द्यावे, एरव्ही ते पावसाळ्यात फुगते. ट्रान्सफॉर्मर घरातच ठेवून बाहेर केवळ १२ व्होल्टचा प्रवाह न्यावा. धुळीसाठी सुती आच्छादन बरे. प्लास्टिकखाली दमट हवा कोंडते.

आता मुख्य मुद्दा. आपल्या मुलांस बोरघाट हे केवळ नाव उरले आहे. आपल्या हातांनी डोंगर उभारून त्यात बोगदा कोरणारे मूल विचारतेच, ‘खरा कोणी कोरला?’ मग हजारो मजुरांची, पटकीने गेलेल्या जीवांची, १८५९ साली पती निवर्तल्यावर कंत्राट पुढे नेणाऱ्या ॲलिस ट्रेडवेलबाईंची हकीकत सांगावी लागते. आणि ती आपण मराठीतच सांगतो. व्याकरणाच्या वर्गास न येणारे मूल या फळीपाशी तासभर मराठी ऐकते व बोलते.

म्हणून माझी विनंती आहे की, मंडळाच्या ओसरीत अशी एक फळी मांडावी. डोंगर मुलांनी उभारावा, हकीकत वडीलधाऱ्यांनी सांगावी.