धावपटूचा आठवडा

आमच्या शाळेत एक मुलगा होता. जिल्ह्याच्या स्पर्धेला महिना उरला, तेव्हा मी त्याला रोज सकाळी पाच किलोमीटर पळवू लागलो, आणि तेही घड्याळ लावून. काल लागला त्याहून आज कमी वेळ लागला पाहिजे! दहाएक दिवस वेळ कमी होत गेला, मग थांबला. मला वाटले, पोरगा आळसावला. आणखी पळवला. स्पर्धेच्या आठवड्यात त्याची नडगी इतकी ठणकू लागली की पायरी चढवेना. डॉक्टर म्हणाले, हाडाला बारीक चीर गेली आहे. चूक मुलाची नव्हती, माझी होती.

मेहनत म्हणजे रोज दम निघेपर्यंत पळणे, असे आपण धरून चालतो. बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर अडथळ्यांची शर्यत ८ मिनिटे ११.२० सेकंदांत धावला; सुवर्णपदक अवघ्या ०.०५ सेकंदाने हुकले. ती आठ मिनिटे सर्वांनी पाहिली. त्यामागचे सावकाश धावण्याचे तास कोण पाहतो? म्हणून पोरे रोज शर्यतच धावतात.

खरे म्हणजे धावताना शरीर झिजते. बळ येते ते मागाहून, झोपेत आणि विश्रांतीत. शेतकऱ्याला हे काय सांगावे? पाऊस झाला म्हणून कोणी चिखलात औत घालत नाही, वाफसा यावा लागतो. अमेरिकेत ओरेगॉन विद्यापीठाचे मार्गदर्शक बिल बॉवरमन ह्यांनी हाच नेम घालून दिला होता: जड दिवसामागून हलका दिवस.

आता शिक्षकांनी पाटी घ्यावी. सोळासतरा वर्षांचा, वर्षभर नेमाने धावलेला आणि ५००० मीटरची तयारी करणारा मुलगा डोळ्यांसमोर ठेवा. रविवारी लांब धाव, बारातेरा किलोमीटर, डांबरी सडक सोडून गाडीवाटेने. सोबत्याशी बोलत धावता आले पाहिजे. बोलणे तुटले की वेग जास्त झाला समजा. सोमवारी सुट्टी. मंगळवारी मैदानावर तुकडे: आधी दोन किलोमीटर संथ धावून अंग मोकळे करायचे, मग ४०० मीटर आठ वेळा, दर दोहोंच्या मध्ये २०० मीटर रमतगमत. आठवा तुकडा पहिल्याइतक्याच वेळात व्हावा. पहिल्यातच ताकद उधळली तर तो दिवस फुकट गेला. मैदान लहान असेल तर दोरीने मोजून २०० मीटरची फेरी आखा आणि फक्की मारा. बुधवारी सहा किलोमीटर सावकाश. गुरुवारी वीस मिनिटांची नेटाची धाव, म्हणजे चार शब्द बोलता येतील पण गप्पा मारता येणार नाहीत अशी. तिच्या आगेमागे थोडे संथ धावणे. शुक्रवारी पुन्हा सुट्टी, शनिवारी सहा किलोमीटर सावकाश. बेरीज चाळीसच्या आसपास येते.

न्यूझीलंडचे आर्थर लिडियर्ड आपल्या धावपटूंना आठवड्याला १०० मैल धाववीत. त्यांचा पीटर स्नेल १९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये ८०० मीटर जिंकला. हे ऐकून कोणी तो आकडा उचलू नये. ती वर्षानुवर्षे कसलेल्या माणसांची मजल होती. ध्यानात घ्यायचे ते इतकेच, की दोन फेऱ्यांची शर्यत धावणारा गडीसुद्धा रविवारी डोंगरातून २२ मैल धावत असे.

आपल्या मुलांच्या बेरजेत आणखी एक रकम असते, ती मात्र वहीत येत नाही. कांदा काढणी, कापूस वेचणी, डोक्यावरची घागर. दिवसभर वाकून कांदे काढलेल्या मुलीला संध्याकाळी तुकडे धावायला लावू नका. तिचा जड दिवस झालाच आहे. धावणाऱ्या मुलीची पाळी महिनोन्‌महिने चुकू लागली, तर ती मेहनतीची खूण समजू नका. बहुधा अन्न कमी पडत असते. भाकरी, डाळ, शेंगदाणे वाढवा आणि डॉक्टरांना दाखवा.

सकाळी अंथरुणातच मनगटाची नाडी मोजायला शिकवा. नेहमीपेक्षा आठदहा ठोके जास्त भरले, किंवा नडगीवर बोट दाबताच एकाच जागी कळ आली, तर त्या दिवशी पाटीवर काहीही लिहिलेले असो, पुसून टाका. स्पर्धेच्या आठवड्यात सारे अंतर निम्म्यावर आणा, मंगळवारचे तुकडे आठाचे चार करा. पोरगा कुरकुर करील, पाय शिवशिवतात म्हणेल. शिवशिवू द्यात.