अपंगांचे हक्क आणि कागदांची वारी



आम्ही मजूर संघटनेत काम करणारी माणसे. शाळा थोडी झाली. कायदा शिकलो तो कचेऱ्यांच्या बाकांवर बसून. तेथे एक गोष्ट ध्यानात आली. हक्क मिळवायला चळवळ लागते हे सर्वांना ठाऊक असते. पण मिळालेला हक्क घरी आणायलाही कोणाला तरी चालावे लागते. अपंगांच्या बाबतीत हे चालणे आपण नेमके ज्याला चालता येत नाही त्याच्यावर टाकले आहे.

कायदे झाले नाहीत असे नाही. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ च्या कायद्याने ते २१ केले, आणि सरकारी नोकऱ्यांतील राखीव जागा ३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर नेल्या. २०२२ साली महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणाचे स्वतंत्र खातेही काढले. पण मोडनिंबच्या माणसाने जावे कोठे? अर्ज संगणकावर भरायचा, तपासणीला सरकारी रुग्णालयात जायचे. अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक ठरले तर एस. टी.च्या भाड्यात ७५ टक्के सवलत मिळते. संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान हवे तर माढ्याची तहसील कचेरी. तेथे उत्पन्नाचा दाखला निराळा. तीनचाकी सायकलीसाठी सोलापूरला जिल्हा परिषद. कामावर यंत्रात हात गेला असेल तर भरपाईचा दावा वेगळाच, आणि तोही मुदतीच्या आत लावावा लागतो.

प्रत्येक खिडकीवरचा कारकून आपल्यापुरते खरे सांगतो. पुढची खिडकी कोणती, हे सांगणे त्याच्या कामात बसत नाही. मग आंधळ्या आईचा मुलगा रोजगार बुडवून हिंडतो, चौथ्या खेपेला कंटाळतो, आणि हक्क पुस्तकातच राहतो.

संघटनेत आम्ही दाव्यांची वही ठेवतो. कोणाचा कागद, कोठे अडला, पुढची तारीख कोणती, बरोबर कोण जाणार, एवढेच तीत लिहिलेले असते. अशीच वही गावात अपंगांसाठी ठेवा. बाजाराच्या दिवशी दोन जाणती माणसे ग्रामपंचायतीत दोन तास बसोत. सहा जणांची तपासणी असेल तर सहाही जण एकाच दिवशी, एकाच गाडीने जावोत. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्चायची असते. ग्रामसभेत तिचा हिशेब मागा. दावा कोर्टात गेला तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. १९८७ च्या कायद्याने दिव्यांगाला, त्याचे उत्पन्न न पाहता, मोफत वकील मिळतो.

ही दया नव्हे. पंढरीच्या वाटेवर आपले गाव आहे, तेव्हा हे तुम्हांला आम्ही काय सांगावे? दिंडीत थकलेल्याची पडशी शेजारचा उचलतो आणि दोघेही पुढे चालतात. त्याला कोणी उपकार म्हणत नाही. ही कागदांची वारीही तशीच मिळून करू या.