लोणारच्या काठावरचा तास

अन्नसाखळी शिकवायची, तर बुलढाणा जिल्ह्यात फळ्यावर बाण कशाला काढायचे? लोणार आहे की! उल्कापातानं झालेलं हे सरोवर इतकं खारट आणि अल्कधर्मी, की त्यात मासे तगणं कठीण. तरी पाण्याला हिरवी छटा देणारं सूक्ष्म शेवाळ तिथं वाढतं, आणि पाणपक्ष्यांचं पोटही भरतं. जून २०२० मध्ये पाणी घटलं, क्षार वाढले आणि क्षारप्रिय सूक्ष्मजीवांनी सरोवर गुलाबी केलं. त्याच वर्षी त्याला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर दर्जा मिळाला. गुरुजी, मुलांना काठावर न्या. लाल लिटमस पाण्यात बुडवा, निळा होईल. मग विचारा, गावाचं सांडपाणी इथं आलं, तर पहिला फटका कुणाला? उत्तर मुलांनाच शोधू द्या.