थोरल्याचा हुकूम, धाकट्याचा शब्द

सकाळी ऑफिसात संगणक सुरू होतात आणि सगळ्यांच्या पडद्यावर एकच चित्र दिसतं: कंपनीचं बोधचिन्ह. कुणाच्या मुलीचा फोटो गेला, कुणाचे गणपती गेले. बदलायला जावं तर पर्यायच करडा पडलेला, आणि वर एक ओळ, की काही सेटिंग्ज तुमच्या संस्थेच्या ताब्यात आहेत. कोपऱ्यातल्या नव्या कारकुनाच्या पडद्यावर मात्र रायगड जसाच्या तसा! बाकीच्यांना वाटतं, याचा वशिला असणार.

वशिला नसतो, वारसा असतो. विंडोजच्या जाळ्यात ही वारसापद्धत २००० साली विंडोज २००० बरोबर आली. तिचं नाव ग्रुप पॉलिसी. त्याआधी एनटी ४ मध्येही धोरणं लादता येत, पण ती गोंदणासारखी; धोरण काढलं तरी रजिस्ट्रीत खूण उरायची. ग्रुप पॉलिसीतले बहुतेक हुकूम मागे घेतले की त्यांचा अंमलही उतरतो.

हुकूम उतरतात ते ठरलेल्या क्रमाने. आधी यंत्राचं स्वतःचं धोरण, मग साइटचं, मग डोमेनचं, शेवटी ओयूचं. साइट म्हणजे जाळ्यातलं ठिकाण, डोमेन म्हणजे संस्थेचा अख्खा पसारा, ओयू म्हणजे त्यातले विभाग आणि त्यांच्या पोटातले उपविभाग. जो शेवटी बोलतो त्याचं खरं. डोमेनने सांगितलं, दहा मिनिटं हात लावला नाही तर पडद्याला कुलूप. स्वागतकक्षाच्या ओयूने म्हटलं, तीस मिनिटं. तर स्वागतकक्षात तीसच चालणार. आपल्याकडच्या एकत्र कुटुंबाच्या नेमकं उलट.

खरी गोम आहे ती न बोलण्यात. बहुतेक धोरणांच्या तीन अवस्था असतात: एनेबल्ड, डिसेबल्ड आणि नॉट कॉन्फिगर्ड. तिसरी म्हणजे मौन. वरून आलेलं तसंच पुढे जातं. डिसेबल्ड म्हणजे मात्र ठणकावून नाही. नवखे अॅडमिन इथेच घसरतात, त्यातून धोरणांची नावंही वकिली थाटाची. ‘कंट्रोल पॅनेलला मनाई’ हे धोरण डिसेबल्ड केलं, की मनाईलाच मनाई होते आणि दार सताड उघडतं.

धाकट्याला वेगळी चूल मांडायची असेल तर ओयूवर ‘ब्लॉक इनहेरिटन्स’ लावता येतं. अॅडमिनच्या पडद्यावर त्या ओयूच्या चित्राला निळं उद्गारचिन्ह चिकटतं. त्यावर थोरल्याकडे तोड आहे, ‘एन्फोर्स्ड’. ते लावलेलं धोरण असली आडकाठी ओलांडून जातं, आणि दोन एन्फोर्स्ड हुकमांत जुंपली तर वरचा जिंकतो. हे हत्यार जपून वापरलेलं बरं. वर्षभरात जिथे तिथे ‘एन्फोर्स्ड’ची कुलपं आणि ‘ब्लॉक’ची उद्गारचिन्हं दिसू लागली, की कुठला हुकूम कुठून आला हे लावणाऱ्यालाही सांगता येत नाही.

पासवर्डचं प्रकरण वेगळं. डोमेनच्या खात्यांसाठी पासवर्ड किती अक्षरी हवा, हे डोमेनच्या पातळीवरच ठरतं. ओयूवर लिहिलेला नियम त्या खात्यांना लागत नाही. काही निवडक गटांना वेगळा नियम लावायची सोय विंडोज सर्व्हर २००८ पासून झाली, तीही निराळ्या वाटेने.

हुकूम लगेच पोचतोच असं नाही. कामावरची यंत्रं साधारण ९० मिनिटांनी धोरणं पुन्हा विचारतात, त्यात ३० मिनिटांपर्यंतची वाढीव, दरवेळी वेगळी ढील; सगळ्यांनी एकदम सर्व्हरच्या दारात गर्दी करू नये म्हणून.

आता तो रायगड. अॅडमिन कारकुनाच्या खुर्चीत बसतो, काळ्या खिडकीत ‘जीपीरिझल्ट’ची आज्ञा देतो. लागू झालेल्या धोरणांची यादी येते, त्यात बोधचिन्हाचं धोरण नाहीच. ते जोडलंय कर्मचाऱ्यांच्या ओयूला, आणि याचं खातं उघडल्या दिवसापासून ‘यूजर्स’ नावाच्या मूळच्या डब्यात पडून आहे. तो डबा दिसतो ओयूसारखा, पण ओयू नव्हे. त्याला धोरण जोडताच येत नाही, वरून डोमेनचं किंवा साइटचं येईल तेवढंच. अॅडमिन खातं उचलून योग्य ओयूत ठेवतो. दुसऱ्या दिवशी कारकून लॉगिन करतो, तेव्हा रायगड गेलेला असतो.